बालकांमधील टिकविकार आणि आनुवंशिकता

प्राथमिक शाळेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गात असे एखादे मूल बहुधा असतेच. ते मधूनच डोळे मिचकावते, नाक मुरडते, मानेला झटका देते, खांदा उडवते. किंवा सर्दी नसताना सारखे खाकरते. शिक्षक एकदा समजावतात, दुसऱ्यांदा रागावतात. घरी आईवडील ‘हे चाळे बंद कर’ म्हणून दटावतात. ‘चाळा’ या शब्दातच मूल हे सारे मुद्दाम करीत असल्याचा आरोप दडलेला आहे. ‘लकब’ हा शब्द त्या मानाने सौम्य आहे. परंतु तोही नेमका नाही. अशा अचानक होणाऱ्या, क्षणभर टिकणाऱ्या, तालाविना पुनःपुन्हा उमटणाऱ्या हालचालींना आणि आवाजांना वैद्यकशास्त्रात ‘टिक’ म्हणतात. त्यांचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असते आणि त्या जडणघडणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

टिक येण्यापूर्वी त्या जागी एक प्रकारची अस्वस्थता दाटून येते. शिंक येण्यापूर्वी नाकात हुळहुळते, तशी. टिक होऊन गेली की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. शिंक काही क्षण थोपवता येते, तशीच टिकही थोपवता येते, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे मुलावर अन्याय होतो. वर्गात तासभर मन मारून स्वस्थ बसलेले मूल घरी आल्यावर दप्तर टाकताच अर्धा तास मान उडवत राहते. शाळा म्हणते, ‘आमच्याकडे तर नीट असतो’. घर म्हणते, ‘म्हणजे हा नाटक करतो.’ दोघांचेही निरीक्षण खरे असते, निष्कर्ष मात्र चुकलेला असतो.

बहुतेक मुलांत टिकची सुरुवात चार ते सहा वर्षांच्या सुमारास होते, दहा ते बाराव्या वर्षी तिचा जोर सर्वाधिक असतो आणि वयात येताना ती पुष्कळ अंशी ओसरते. काही आठवडे वा महिने राहून आपोआप जाणारी टिक बालवयात अगदी सामान्य आहे. काही पाहण्यांनुसार शाळकरी मुलांत तिचे प्रमाण शंभरात वीसपर्यंत आढळते. एकाहून अधिक शारीरिक टिक आणि निदान एक आवाजाची टिक वर्षापेक्षा जास्त काळ राहिली व तिची सुरुवात अठराव्या वर्षापूर्वी झाली असेल, तर त्यास टुरेटचा विकार म्हणतात. तो शंभर मुलांत एकाहून थोड्या कमी मुलांना होतो. 2018 साली प्रदर्शित झालेल्या ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटातील शिक्षिकेला हाच विकार दाखविला असल्याने त्याचे नाव आता पुष्कळांच्या कानांवरून गेले आहे. तोंडून अपशब्द निघणे हे त्याचे सर्वांत गाजलेले लक्षण. प्रत्यक्षात ते दहा रुग्णांत एखाद्या-दुसऱ्यातच दिसते.

जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच वैद्याने 1885 साली नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाच त्याने हा विकार आनुवंशिक असल्याचे मत नोंदविले होते. पुढे मात्र मनोविश्लेषणाचा जमाना आला. टिक म्हणजे दबलेल्या इच्छांचा उद्रेक, असे स्पष्टीकरण रूढ झाले आणि मुलाच्या वाढीत झालेल्या चुका, विशेषतः आईच्या चुका, शोधण्यात कित्येक दशके खर्ची पडली. 1961 साली हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी होत असल्याचे युरोपातील डॉक्टरांना दिसून आले. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करणारे औषध लागू पडते, त्या अर्थी बिघाड संस्कारांतला नसून मेंदूच्या कार्यातला असला पाहिजे, असा विचार त्यानंतर बळावला. हालचालींची निवड आणि आवर सांभाळणारे, बेसल गँग्लिया या नावाने ओळखले जाणारे मेंदूच्या खोल भागातील चेतापेशींचे पुंज आणि मेंदूचा पृष्ठभाग यांच्यामधील दळणवळण या मुलांत थोडे वेगळे असते, असे आज मानले जाते.

जुळ्यांची साक्ष

एखादी गोष्ट घराण्यात चालत आली म्हणजे ती रक्तातूनच आली असे होत नाही. घराण्यात भाषा चालत येते, पाककृती चालत येतात, तपकिरीचे व्यसनही चालत येते. रक्त आणि राहणी यांचा हिशेब वेगळा करण्यासाठी शास्त्रज्ञ जुळ्या भावंडांकडे वळले. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात; दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांत सामान्य भावंडांइतकेच, म्हणजे सरासरीने निम्मे, साम्य असते. घर मात्र दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना एकच लाभते. अमेरिकेत 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात 43 जोड्या होत्या. एकबीज जुळ्यांपैकी एकाला टुरेटचा विकार असेल तर दुसऱ्यालाही तो असल्याचे 53 टक्के जोड्यांत आढळले. द्विबीज जुळ्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. कोणत्याही प्रकारची टिक धरली तर हेच आकडे 77 आणि 23 टक्के झाले.

या आकड्यांच्या दोन्ही बाजू पाहावयास हव्यात. एकबीज आणि द्विबीज जुळ्यांमधील मोठी तफावत आनुवंशिकतेची ग्वाही देते. परंतु जनुके सारखीच असूनही जवळजवळ निम्म्या एकबीज जोड्यांत दुसऱ्या भावंडाला टुरेटचा विकार झालाच नाही, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. वारशाने येते ती प्रवृत्ती. तिचे विकारात रूपांतर होईल की नाही आणि झाले तर किती तीव्र, हे केवळ जनुकांवर ठरत नाही.

नात्याची जवळीक आणि धोक्याचे प्रमाण

यापुढचा पुरावा समजून घेण्यास मराठी वाचकाला त्याच्या भाषेचीच मदत होते. इंग्रजीत ‘कझिन’ या एकाच शब्दात मराठीतील चुलत, आते, मामे आणि मावस ही चारही नाती कोंबली जातात. मराठीने ती काटेकोरपणे वेगळी ठेवली आहेत. या नातेशब्दांचा आणि त्यांमागील विवाहपद्धतींचा पद्धतशीर अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाला. 1939 पासून तेथे काम करणाऱ्या डॉ. इरावती कर्वे यांचा भारतातील आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही आधारभूत मानला जातो. त्यांचा विषय समाजरचना हा होता, रोग नव्हे; पण ज्या नात्यांचा त्यांनी शोध घेतला, तीच नाती आनुवंशिकीच्या अभ्यासकाला मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात. आईवडील व सख्खी भावंडे यांच्याशी मुलाचा जनुकीय वाटा निम्मा असतो. आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांच्याशी पाव. आणि चुलत, आते, मामे, मावस भावंडांशी एक-अष्टमांश.

स्वीडनमध्ये जन्म, नाते आणि रुग्णालयातील निदान यांच्या राष्ट्रीय नोंदी दीर्घकाळ ठेवल्या गेल्या आहेत. त्यांच्या आधारे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टिकविकाराचे 4,826 रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तपासले गेले. रुग्णाच्या निम्मा वाटा असलेल्या नातेवाइकांत टिकविकाराची शक्यता इतरांच्या सुमारे अठरापट आढळली. पाव वाट्याच्या नातेवाइकांत सुमारे साडेचारपट, तर एक-अष्टमांश वाट्याच्या नातेवाइकांत सुमारे तिप्पट. त्याहून मार्मिक तुलना भावंडांची होती. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या पण वेगळे वडील असलेल्या भावंडांत ही शक्यता सुमारे साडेचारपटच होती, सख्ख्या भावंडांत मात्र साडेसतरापटीहून अधिक. एका आईची मुले बहुधा एकाच घरात वाढतात, तेव्हा हा फरक घराने पडलेला नाही.

‘अठरापट’ हा शब्द ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. रुग्णालयाच्या नोंदीपर्यंत पोचलेल्या रुग्णांचे मूळ प्रमाणच अत्यल्प असते. त्याची अठरापट झाली तरी रुग्णाची बहुतेक भावंडे टिकविकारापासून मुक्तच असतात.

याच अभ्यासाने टिकविकाराची आनुवंशिकता 77 टक्के असल्याचे काढले. या आकड्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. ‘माझ्या मुलाचा विकार सत्त्याहत्तर टक्के माझ्यामुळे’ असा तो अर्थ नव्हे. शेतकऱ्याला हे सहज पटेल. एकाच काळ्या रानात ज्वारीच्या दहा वाणांची पेरणी केली, तर कणसांतील फरक मुख्यतः बियाण्याचा. एकच वाण काळ्या, मुरमाड आणि चोपण जमिनीत पेरला, तर फरक मुख्यतः जमिनीचा. आनुवंशिकतेची टक्केवारी ही अशा फरकांची वाटणी आहे आणि ती संपूर्ण लोकसंख्येची असते. एका कणसावर बोट ठेवून यातले किती बियाण्याचे आणि किती जमिनीचे, असे विचारण्यात अर्थ नसतो.

आईचे घराणे की वडिलांचे?

टिकविकार मुलींपेक्षा मुलांत तिपटी-चौपटीने अधिक दिसतो. त्यामुळे तो आईकडून मुलग्याकडे येणाऱ्या रोगांपैकी असावा, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे आणि तिचा भार अखेर सुनेच्या माहेरावर जाऊन पडतो. ही समजूत टिकत नाही. मुलग्याला क्ष गुणसूत्र आईकडून आणि य गुणसूत्र वडिलांकडून मिळते. दोष क्ष गुणसूत्रावर असता तर तो वडिलांकडून मुलग्याकडे गेलाच नसता. प्रत्यक्षात टिकविकार वडिलांकडून मुलग्याकडे गेलेली अनेक कुटुंबे ज्ञात आहेत. कित्येकदा तर दोन्ही घराण्यांतून थोडी थोडी प्रवृत्ती येऊन मुलात एकत्र झालेली असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टिकची प्रवृत्ती ज्या कुटुंबांत आहे तेथील स्त्रियांत तिच्याऐवजी, किंवा तिच्या जोडीने, मंत्रचळ दिसण्याचे प्रमाण अधिक असते. पुनःपुन्हा हात धुणे, कुलूप दहादा पाहणे, वस्तू ठराविक रीतीनेच मांडणे, ही त्याची रूपे. कौटुंबिक इतिहास विचारताना ‘घरात कोणाला झटके येत होते का?’ एवढेच विचारले तर ‘नाही’ असेच उत्तर येते. आजीच्या सोवळ्याच्या नावाखाली झाकला गेलेला मंत्रचळ कोणी रोग म्हणून सांगत नाही; आजोबांचे सतत खाकरणे तपकिरीच्या खात्यावर जमा असते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आणि हेळव्यांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतील, पण अशा गोष्टींची नोंद नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांशी निवांत बोलूनच मिळवावी लागते.

मामाच्या मुलीशी विवाहाची चाल राज्याच्या काही भागांत असल्याने तिच्याविषयीही विचारणा होते. विल्सनच्या विकारात शरीरात तांबे साठत जाते आणि त्यातही हालचाली बिघडतात. तो एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याने होतो. आईवडील जवळच्या नात्यातील असतील तर तशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. त्यावर उपचार आहेत आणि रुग्णाच्या भावंडांची तपासणी अगत्याची असते. नेहमी दिसणाऱ्या टिकविकाराची रीत ही नव्हे. त्यात असा एकच अपराधी जनुक नाही.

जनुकांचा शोध

तसा जनुक सापडेल या आशेने बराच काळ शोध चालला होता. 2005 साली तेराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बदल काही थोड्या रुग्णांत सापडला. 2010 साली एका विलक्षण कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध झाली. वडील आणि त्यांची आठही अपत्ये टुरेटच्या विकाराने ग्रस्त, आई मात्र निरोगी. त्यांच्यात हिस्टामिन हे रसायन तयार करणाऱ्या जनुकात दोष आढळला. दोन्ही शोध खरे होते. पण ते दोष इतर रुग्णांत शोधू जाता क्वचितच मिळाले.

त्यानंतर दृष्टी बदलली. 2017 मध्ये रुग्ण मुले आणि त्यांचे आईवडील यांची जनुके ताडून पाहिली असता, आईवडिलांपैकी कोणातही नसलेले, मुलातच प्रथम उद्भवलेले घातक बदल काही मुलांत आढळले. उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे 12 टक्क्यांत अशा नव्या बदलांचा हात असावा आणि त्यात सुमारे 400 जनुके गुंतलेली असावीत, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे ‘आनुवंशिक’ आणि ‘जनुकीय’ हे शब्दही एकच नव्हेत. जनुकातला बदल असून तो कोणाकडूनही वारशाने आलेला नाही, असे घडू शकते. 2019 साली 4,819 रुग्ण व 9,488 निरोगी व्यक्ती यांच्या तुलनेत दिसले ते असे की, बहुतेक रुग्णांत शेकडो-हजारो सामान्य जनुकीय भेद प्रत्येकी चिमूटभर भर घालतात आणि ते भेद टिक नसलेल्या माणसांतही कमीअधिक प्रमाणात असतातच. या अभ्यासातील कुटुंबे युरोपीय वंशाची होती. भारतीय कुटुंबांच्या नोंदी जगाच्या या खतावणीत येणे आवश्यक आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी हे काम अंगावर घेण्यासारखे आहे.

व्यवहारात याचा परिणाम असा की, टिकविकाराचे निदान करणारी रक्ताची चाचणी नाही, गर्भावस्थेत तो ओळखणारी चाचणीही नाही. खाजगी प्रयोगशाळांच्या महागड्या जनुकीय तपासण्यांवर कुटुंबाने केवळ टिकसाठी पैसे घालवू नयेत. निदान होते ते डॉक्टरांच्या प्रत्यक्ष पाहण्याने आणि मुलाची हकिकत ऐकून.

जमिनीचा वाटा

एकबीज जुळ्यांपैकी ज्याचे जन्माचे वजन कमी, त्याची टिक बहुधा अधिक तीव्र, असे 1992 सालच्या एका अभ्यासात आढळले. गरोदरपणात आईने धूम्रपान केल्यास मुलातील टिकविकाराची शक्यता वाढत असल्याचेही युरोपातील पाहण्या सांगतात. गर्भातील परिस्थिती पुढील आयुष्यावर ठसा उमटवते, या विचाराला पुणे परिसराने मोठा पुरावा पुरविला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली 1993 साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांच्या मानाने पाऊण किलोच्या आसपास कमी भरले. त्या अभ्यासाचा रोख मधुमेहाकडे होता, टिककडे नव्हे. परंतु जनुके बदलता येत नाहीत आणि गर्भवतीचा आहार बदलता येतो, हे सूत्र दोन्हीकडे लागू पडते. ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रिया सहसा विडी ओढत नाहीत. मिश्री मात्र पुष्कळ घरांत लावली जाते. मिश्री ही तंबाखूच आहे आणि तिने बाळाचे वजन घटते, हे आशा कार्यकर्तीने बजावून सांगण्याची गरज आजही संपलेली नाही.

शाळा, गाव आणि रुग्णालय

ताण, थकवा, जागरण यांनी टिक वाढते. सर्वांसमोर टोकल्याने तर हमखास वाढते. छडीने ती जात नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे; टिकबद्दल उन्हात उभे करणे किंवा वर्गाकडून नक्कल करवून हसणे हे दोन्ही त्यात मोडते. शिक्षकाने टिककडे दुर्लक्ष करावे, मुलाला मधून वर्गाबाहेर पाणी पिऊन येण्याची मुभा द्यावी आणि त्याच्या सोबत्यांना एकदा साध्या शब्दांत सांगून टाकावे, एवढ्याने बराच फरक पडतो. टुरेटच्या विकारासोबत चंचलता, लक्ष न लागणे किंवा अध्ययनातील अडचण पुष्कळदा असते आणि मुलाचे खरे नुकसान कित्येकदा टिकने नव्हे, तर त्यांनीच होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत टुरेटच्या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे आहे. तेव्हा ती तपासून घेणे मुलाच्या हिताचे ठरते.

गावात वेगळाच धोका असतो. मूल एकाएकी ओरडते, अंग झटकते, म्हणून ‘बाहेरचे आहे’ असे ठरते आणि त्याला देवऋष्याकडे नेले जाते. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्रात गुन्हे आहेत. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटले, तो 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर त्याच महिन्यात वटहुकमाच्या रूपाने आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाच्या संमतीने अस्तित्वात आला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हे कलम पंचायत सदस्यांनी माहीत करून घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतात. त्यांच्या यादीत अपस्मार, स्वमग्नता, अवधान-न्यूनता ही नावे आहेत, टिकचे नाही. म्हणून शिक्षकाने पथकाला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावे: टिक कोणती, केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी अधिक. हालचालीच्या वेळी शुद्ध हरपत असेल, किंवा ताप व सांधेदुखीनंतर हातपाय सतत वळवळू लागले असतील, तर ते प्रकरण टिकचे नसून वेगळे आहे आणि त्यात विलंब चालत नाही. पुणे शहर व परिसरातील रुग्णांना ससून रुग्णालयाच्या बालरोग व मनोविकार विभागांत दाखविता येते. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो. बहुतेक मुलांना औषधाची गरजच नसते. ज्यांना असते त्यांच्यासाठी क्लोनिडीनसारखी औषधे आहेत. टिकची चाहूल लागताच तिला अटकाव करणारी दुसरी हालचाल करण्यास शिकविणारी वर्तनोपचाराची पद्धतही चांगली उपयोगी पडते.

पालक अखेरीस जो प्रश्न विचारतात तो विवाहाचा असतो. मुलाच्या टिकमुळे त्याच्या बहिणीचे स्थळ मोडेल का, ही चिंता कित्येक घरांना निदानाहून अधिक सतावते आणि त्यापायी रुग्णालयाची चिठ्ठीच दडवली जाते. बहिणीला स्वतःला टिक नसेल, मंत्रचळ नसेल, तर तिच्या अपत्यांची शक्यता सर्वसामान्यांहून काहीशी अधिक असली तरी ती मुले टिकमुक्त असण्याचीच शक्यता कितीतरी मोठी. ज्याला टिक आहे त्याच्याही अपत्यांपैकी बहुतेकांना टुरेटचा विकार होत नाही. ज्यांना होतो त्यांपैकी पुष्कळांचा तो सौम्य असतो आणि अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत ओसरतो. आणि तसा झालाच, तर त्या मुलाच्या घरात तो ओळखणारे, त्याला चाळे न म्हणणारे एक माणूस आधीपासून असेल.